गेमर्सनी स्वतःचा पक्ष काढावा का? सेन्सॉरशिप, मतं आणि नियमातली वाक्यं

प्रश्न असा आला आहे: ‘गेम्सवर बंदी येते, दृश्यं कापली जातात आणि निर्णय घेणाऱ्यांपैकी कित्येकांनी आयुष्यात कधी गेम खेळलेला नसतो. मतदार म्हणून आमची संख्या मोठी आहे. मग गेमर्सनी स्वतःचा राजकीय पक्ष काढून निवडणूक लढवली तर सेन्सॉरशिप थांबेल का?’

हा प्रयोग होऊन गेला आहे, त्यामुळे अंदाजाने बोलायची गरज नाही. मी बरीच वर्षं गेम प्रकाशकांच्या वतीने वर्गीकरणाचे, म्हणजे गेम कोणत्या वयासाठी योग्य हे मंडळाकडून ठरवून घेण्याचे, अर्ज तयार करतो. गेम बाजारात येण्याआधी त्यातला सगळ्यात कडक भाग शोधायचा, त्याचं चित्रण आणि लेखी वर्णन मंडळापुढे ठेवायचं आणि नकार आला की काय कापायचं यावर डेव्हलपरशी तासन्‌तास डोकं लावायचं, असं हे काम. त्या अनुभवावरून सांगतो: पक्ष काढल्याने अडलेली गाडी हलू शकते. पण कोणतं दृश्य राहणार आणि कोणतं जाणार हे नियमातल्या एकेका वाक्यावर ठरतं, आणि ती वाक्यं लिहिली जात असतात तेव्हा खेळणाऱ्यांच्या बाजूने बोलणारं सहसा कोणीच हजर नसतं. गेमर्सच्या राजकारणातली खरी उणीव ही आहे.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण नीट बघू. तिथे १९९५च्या कायद्याखाली चित्रपट, प्रकाशनं आणि कॉम्प्युटर गेम यांचं वर्गीकरण होतं. चित्रपटांना प्रौढांसाठीची आर १८ प्लस श्रेणी होती, गेम्सना नव्हती. गेमसाठी सगळ्यात वरची श्रेणी एमए १५ प्लस. त्या मर्यादेपेक्षा गेम कडक ठरला तर त्याला श्रेणीच नाकारली जायची, आणि श्रेणी नाकारलेला गेम विकणं बेकायदा. म्हणजे चाळिशीतल्या माणसाने काय खेळायचं तेही पंधरा वर्षांच्या मुलाच्या मापाने ठरत होतं. गेम म्हणजे पोरखेळ, हे गृहीत धरून ती रचना केलेली होती. खेळणारे मोठे झाले, रचना तशीच राहिली.

ती बदलायची तर केंद्र, राज्यं आणि प्रदेश या सगळ्यांच्या संबंधित मंत्र्यांचं, म्हणजे बहुतेक ठिकाणी ॲटर्नी जनरलचं, एकमत लागायचं. एकाने नाही म्हटलं की विषय संपला. दक्षिण ऑस्ट्रेलियाचे ॲटर्नी जनरल मायकल ॲटकिन्सन वर्षानुवर्षं नाही म्हणत राहिले. २००८ मध्ये तर चर्चेचा मसुदा लोकांसमोर ठेवायलासुद्धा त्यांनी संमती दिली नाही. त्याच वर्षी ‘फॉलआउट ३’ला श्रेणी नाकारली गेली, आणि २००९ मध्ये ‘लेफ्ट ४ डेड २’ला. दुसऱ्या गेमची रक्तपात कमी केलेली आवृत्ती मग एमए १५ प्लसमध्ये बसवून विकावी लागली.

त्यातून ‘गेमर्स फॉर क्रॉयडन’ हा पक्ष उभा राहिला. यातलं क्रॉयडन म्हणजे ॲडलेडमधला ॲटकिन्सन यांचा मतदारसंघ. मला या पक्षाबद्दल मनापासून आदर आहे तो यासाठीच. देशभरच्या गेमर्सचं संघटन करत बसण्यापेक्षा ज्या एका माणसाच्या हातात नकार होता त्याच्याच मतदारांकडे ते गेले. २० मार्च २०१०च्या राज्य निवडणुकीत क्रॉयडनमध्ये त्यांच्या उमेदवाराला ३.७ टक्के मतं मिळाली. वरच्या सभागृहासाठी पक्षाला एक टक्काही मतं पडली नाहीत. जागा एकही आली नाही. ॲटकिन्सन जिंकले, पण त्यांची मतं बरीच घटली, आणि निकालानंतर लगेच त्यांनी ॲटर्नी जनरलपद सोडलं. त्यांच्या जागी आलेल्या जॉन राऊ यांनी पुढे नव्या श्रेणीला पाठिंबा दिला.

त्यांना गेमर्सनी घालवलं असं मी म्हणणार नाही. निवडणुकीच्या काळात इंटरनेटवर राजकीय मत मांडणाऱ्याने खरं नाव आणि पिनकोड द्यावा, असा नियम त्यांनी आणला होता. त्यावर राज्यभर इतका गदारोळ झाला की तो मागे घेण्याचं आश्वासन त्यांना द्यावं लागलं. नाराजीला अशी बरीच कारणं होती. पक्षाने जे साधलं ते वेगळं आहे. गेमची श्रेणी हा प्रश्न पहिल्यांदा एका मंत्र्याला स्वतःच्या मतदारसंघात, निवडणुकीच्या तोंडावर, टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर झेलावा लागला. तोवर तो बंद खोलीतल्या मंत्र्यांच्या बैठकीत एका ओळीत निकाली निघत होता.

याच प्रचारात एक गोष्ट घडली, ती प्रत्येक गेमर संघटनेने लक्षात ठेवावी अशी आहे. ॲटकिन्सन यांनी टीव्हीवर सांगितलं की रात्री दोन वाजता त्यांच्या घराच्या दाराखालून एका गेमरने धमकीची चिठ्ठी सरकवली, आणि आपल्याला व कुटुंबाला गुन्हेगार बाइकर टोळ्यांपेक्षा गेमर्सकडून जास्त धोका वाटतो. चिठ्ठी कोणी टाकली हे बाजूला ठेवा. पक्षाने कितीतरी सभ्यपणे मांडलेले मुद्दे त्या एका वाक्याखाली गाडले गेले. गेम हिंसक बनवतात असं म्हणणाऱ्याच्या हातात आपण होऊन कोलीत द्यायचं नसतं. आजही एखादा गेम नाकारला गेला की मंडळाच्या सदस्यांना शिवीगाळीचे संदेश जातात, आणि ज्यांना आपली बाजू पटवायची तेच लोक कायमचे दुरावतात. मला याचा राग येतो, कारण त्याची किंमत पुढच्या दहा अर्जांना मोजावी लागते.

निवडणुकीच्या समांतर दुसरं काम चाललं होतं आणि माझ्या मते त्याचं वजन जास्त होतं. अडवून धरलेला मसुदा अखेर डिसेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि लोकांची मतं मागवली गेली. ५८ हजारांहून जास्त निवेदनं आली, त्यातली सुमारे ९८ टक्के नव्या श्रेणीच्या बाजूने. मोठा गठ्ठा गेमच्या दुकानांच्या काउंटरवर भरून घेतलेल्या फॉर्मचा होता. एवढ्यावर काम व्हायला हवं होतं, नाही का? मे २०१० मध्ये मंत्र्यांनी सांगितलं की प्रतिसादात हितसंबंधी गटांचा भरणा आहे, तेव्हा सर्वसाधारण जनतेचं आणि तज्ज्ञांचं मत आणखी तपासा. त्यानंतर सरकारने देशव्यापी टेलिफोन पाहणी करून घेतली. त्यात सुमारे ८० टक्के लोक बाजूने निघाले. हिंसक गेम्सच्या परिणामांवरच्या संशोधनाचा आढावाही घेतला गेला. जुलै २०११ मध्ये ॲडलेडच्या बैठकीत तत्त्वतः सहमती झाली, २०१२ मध्ये संसदेने कायदा केला आणि १ जानेवारी २०१३ पासून गेम्ससाठी आर १८ प्लस लागू झाली.

यातून धडा असा की एकाच छापाची हजारो निवेदनं मोजणारे अधिकारी ती ‘एक मत’ म्हणूनच धरतात. गेम न खेळणाऱ्या माणसाने बाजूने बोललेलं एक वाक्य त्यांना जास्त हलवतं. पालक, ग्रंथपाल, शिक्षक, बालमानसतज्ज्ञ यांच्यापैकी कोणी तुमच्या बरोबर उभं राहिलं तर ‘हितसंबंधी गट’ हा शेरा मारता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. जानेवारी २०१३ मध्ये सगळीकडे आनंद होता. त्याच वर्षी जूनमध्ये ‘सेंट्स रो ४’ला श्रेणी नाकारली गेली. पाठोपाठ ‘स्टेट ऑफ डिके’लाही. लोक चक्रावले: प्रौढांची श्रेणी आली ना, मग नकार कसला? मेख नव्या मार्गदर्शक सूचनांमध्ये होती. अमली पदार्थाचा वापर खेळातल्या प्रलोभनाशी किंवा बक्षिसाशी जोडलेला असेल तर श्रेणी नाही, असं वाक्य त्यांत आहे. लैंगिक हिंसाचाराबद्दलही तसंच. हे कलम जुन्या सूचनांमध्येही होतं, आणि प्रौढांची श्रेणी आल्यावरही ते तसंच राहिलं. चित्रपटाच्या सूचनांमध्ये बक्षिसाचं हे कलमच नाही, कारण प्रेक्षकाला पडद्यावरचं काही ‘मिळत’ नसतं. निवेदनं देणारे हजारो लोक श्रेणीची बातमी आल्यावर घरी गेले होते, आणि हे वाक्य नव्या सूचनांत कायम केलं जात होतं तेव्हा त्यावर ओरड करायला फारसं कोणी उरलं नव्हतं.

हे एक वाक्य प्रत्यक्षात काय करतं ते सांगतो. ‘फॉलआउट ३’मध्ये वेदनाशामक म्हणून मॉर्फिन होतं. ते टोचलं की जखमी हातापायांची पर्वा न करता पात्र लढत राहायचं. खरं औषध, खरं नाव आणि खेळात फायदा, असं तिन्ही एकत्र आलं. डेव्हलपरने नाव बदलून ‘मेड-एक्स’ केलं, आणि हा बदल ऑस्ट्रेलियापुरता न ठेवता जगभरच्या आवृत्तीत गेला. ‘डेझी’मध्ये २०१९ साली गांज्याच्या उल्लेखावरून तेच झालं. गांजा ओढल्याने पात्राची स्थिती सुधारते या कारणाने नकार आला, आणि कंपनीने सगळ्या जगासाठीच गेम बदलायचं जाहीर केलं. वेगवेगळ्या देशांसाठी वेगळ्या आवृत्त्या ठेवणं, त्यांचे पॅच सांभाळणं, मल्टिप्लेअरमध्ये त्यांचा मेळ घालणं फार खर्चिक पडतं. म्हणून एका देशातला नकार दुसऱ्या देशातल्या खेळाडूच्या पडद्यावर पोचतो, आणि त्या खेळाडूला त्या देशात मत नसतं.

अशा वेळी आमच्या टेबलावर काय चालतं? समजा, पात्र सुई टोचतं आणि त्याचा वेग दहा सेकंदांसाठी वाढतो. आम्ही चार गोष्टी वेगळ्या करून बघतो: पदार्थाचं नाव, टोचतानाचं ॲनिमेशन, पडद्यावरचं चिन्ह आणि मिळणारा फायदा. पहिल्या तिन्हीत कितीही बदल केला तरी फायदा उरतोच, कारण तो खेळाच्या रचनेतच विणलेला असतो. मग डेव्हलपर सर्वात स्वस्त मार्ग निवडतो, नाव काल्पनिक करतो, आणि व्यसनावर काही गंभीर सांगू पाहणारा प्रसंग एका निरर्थक रंगीत कुपीवर येऊन थांबतो. मुलांचं रक्षण झालं म्हणावं तर गेम प्रौढांचाच होता. यात नुकसान कथेचं झालं, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

तरीही कलमाशी झगडता येतं. २०२१च्या मार्चमध्ये ‘डिस्को एलिझियम’च्या नव्या आवृत्तीला ऑस्ट्रेलियात नकार मिळाला. व्यसनाने उद्ध्वस्त झालेल्या पोलीस तपासनिसाची ती कथा आहे. प्रकरण पुनर्विलोकन मंडळाकडे गेलं, आणि मे महिन्यात मंडळाने आर १८ प्लस दिली. कारण असं दिलं की हा गेम व्यसनाला उत्तेजन देत नाही, उलट नियमित सेवनाने खेळाडूच्या प्रगतीला फटका बसतो. तो निर्णय वाचताना मला फार बरं वाटलं होतं. कोणीतरी गेमकडे नुसती यादी हातात घेऊन न बघता, तो खेळल्यावर काय होतं हे पाहिलं होतं. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. पुनर्विलोकन मागायचं तर शुल्क भरावं लागतं, आणि छोट्या स्टुडिओला तेही झेपेलच असं नाही.

खेळाडूंचं राजकीय प्रतिनिधित्व सध्या सगळ्यात चांगलं कुठे दिसतं, असं विचाराल तर मी दक्षिण कोरियाकडे बोट दाखवेन. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये ‘ब्लू आर्काइव्ह’सारख्या गेम्सची श्रेणी अचानक प्रौढांची करण्यावरून खेळाडू संतापले. त्यांनी नुसत्या घोषणा दिल्या नाहीत. सरकारी संस्थेच्या लेखापरीक्षणाची मागणी करायला तिथे नागरिकांच्या ३०० सह्या लागतात. ली संग-हॉन या खासदाराच्या मदतीने संसदेसमोर एका दिवसात पाच हजारांवर लोकांनी रांगेत उभं राहून कागदावर सह्या केल्या. लेखापरीक्षण झालं, आणि २०२३ मध्ये अहवाल आला की गेम वर्गीकरण समितीने अपुऱ्या संगणक प्रणालीचे पैसे काम पूर्ण झाल्यासारखे चुकते केले होते. श्रेणी चुकीची की बरोबर या वादात न अडकता त्यांनी संस्थेचा हिशेब मागितला. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये गेमविषयक कायद्यातल्या गुन्ह्यांच्या अतिरेकी चित्रणासंबंधीच्या संदिग्ध कलमाविरुद्ध दोन लाखांहून जास्त लोकांनी मिळून घटनात्मक न्यायालयात तक्रार दाखल केली. हल्ला थेट कलमावर आहे, आणि तोही त्यातल्या नेमक्या संदिग्धतेवर.

जर्मनीतही कलमच महत्त्वाचं ठरलं, फक्त वाट वेगळी होती. नाझी चिन्हांवर बंदी घालणाऱ्या दंडसंहितेत कला, शिक्षण, इतिहास यांसाठी अपवाद होताच. चित्रपटांना तो मिळायचा, गेम्सना देत नसत. म्हणून ‘वुल्फेनस्टाइन २’च्या जर्मन आवृत्तीत हिटलरची मिशी काढली आणि त्याला दुसरं नाव दिलं. २०१८च्या ऑगस्टमध्ये तिथल्या वयश्रेणी संस्थेने जाहीर केलं की आता प्रत्येक गेम स्वतंत्रपणे तपासून तो अपवाद लावला जाईल. संसदेत एकही दुरुस्ती झाली नाही, फक्त जुन्या वाक्याचा अर्थ बदलला. त्याआधी एका राजकीय विडंबनाच्या ब्राउझर गेमवर खटला भरायला सरकारी वकिलांनी नकार दिला होता, त्याने ही वाट मोकळी केली.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. २७ जून २०११ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीनांना हिंसक गेम विकण्यावरचा कॅलिफोर्नियाचा कायदा ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केला, आणि गेम्सना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं पूर्ण संरक्षण आहे असं सांगितलं. निकाल मोठाच आहे. पण लढल्या त्या विक्रेत्यांच्या आणि प्रकाशकांच्या संघटना. खेळाडू त्यात पक्षकार नव्हते. सेन्सॉरशिपच्या प्रश्नावर कंपनी आणि खेळाडू एका बाजूला असतात, म्हणून आपण कंपनीच्या लॉबीला आपलं प्रतिनिधित्व समजून बसतो. लूट बॉक्सचा, म्हणजे आत काय निघेल हे नशिबावर सोडलेल्या गेममधल्या पेटीचा, विषय निघू द्या, मग कळेल. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे मोजून घ्यायचे लूट बॉक्स जुगारात धरले, आणि ऑस्ट्रेलियाने सप्टेंबर २०२४ पासून ते असलेल्या गेम्सना किमान एम श्रेणी बंधनकारक केली. अशा नियमांना कंपन्यांच्या संघटना विरोध करतात, आणि कितीतरी खेळाडूंना ते हवे असतात. विकत घेतलेला गेम सर्व्हर बंद करून निकामी करण्याविरुद्धची मोहीमही अशीच: ‘द क्रू’ बंद झाल्यावर २०२४ मध्ये ती सुरू झाली, आणि २०२५च्या जुलैमध्ये युरोपीय नागरिक उपक्रमाला लागणारा १० लाख सह्यांचा टप्पा तिने ओलांडला. तिथे खेळाडूंना स्वतःच बोलावं लागलं.

तुमच्या प्रश्नातलं एक गृहीतक मात्र आता जुनं होत चाललं आहे. सेन्सॉरशिप म्हणजे सरकार, असं तुम्ही धरलं आहे. जुलै २०२५ मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने कित्येक प्रौढ गेम काढले आणि इच डॉट आयओ या दुसऱ्या दुकानाने असा सगळा मजकूर शोधातून गायब केला. कोणत्याही संसदेने ठराव केला नव्हता. एका ऑस्ट्रेलियन संघटनेने कार्ड आणि पेमेंट कंपन्यांवर दबाव आणला, तो दुकानांपर्यंत पोचला. त्यातले काही गेम मी कोणालाही सुचवणार नाही. पण इच डॉट आयओवर त्या एका फटक्यात लैंगिक ओळखीबद्दल, अत्याचारातून सावरण्याबद्दल लिहिलेले छोटे गेमही दिसेनासे झाले, आणि त्यांना अपील करायला मंडळ नव्हतं, कारणं दिलेला निर्णय नव्हता, प्रश्न विचारायला मंत्रीही नव्हता. खेळाडूंनी पेमेंट कंपन्यांच्या ग्राहक सेवेला फोन करून करून लाइन भरून टाकल्या. तेवढाच मार्ग हाती होता. वर्गीकरण मंडळाशी मी आयुष्यभर भांडत आलो आहे, तरी निर्णयाचं कारण द्यायला बांधील असलेलं मंडळ मला या व्यवस्थेपेक्षा शतपटीने बरं वाटतं. यापुढच्या राजकीय मागण्यांत, कायदेशीर वस्तूचा व्यवहार पेमेंट कंपनीने कारण न देता अडवू नये, ही मागणी वर असायला हवी.

तेव्हा पक्षाचं काय? नकार एका ठरावीक माणसाच्या किंवा दोन-चार जणांच्या हातात अडकला असेल आणि निवडणूक जवळ असेल, तर उमेदवार जरूर उभा करा, आणि त्याच माणसाच्या मतदारसंघात करा. उमेदवार शक्यतो पालक असावा. त्याला शाळा, घरं, दवाखाने यांवरही बोलता आलं पाहिजे, नाहीतर पहिल्याच सभेत लोक उठून जातील. इतर वेळी पक्ष चालवण्यात जी शक्ती जाईल ती तीन-चार चिकाटीच्या माणसांवर लावा. नकाराचे जे निर्णय प्रसिद्ध होतात ते त्यांनी वाचावेत. कोणतं कलम वारंवार येतं त्याची नोंद ठेवावी. मार्गदर्शक सूचनांचा मसुदा निघाला की शेवटच्या तारखेआधी स्वतःच्या शब्दांत निवेदन द्यावं. ‘सेन्सॉरशिप बंद करा’ एवढं लिहिलेल्या निवेदनाचं अधिकारी काहीच करू शकत नाही. ‘अमुक कलमातले “प्रलोभनाशी किंवा बक्षिसाशी जोडलेला” हे शब्द काढून तिथे “वापराला प्रोत्साहन देणारा” असे शब्द घाला, म्हणजे व्यसनाचे दुष्परिणाम दाखवणारे गेम अडणार नाहीत’ असं लिहिलंत, तर ते वाक्य उचलून त्याला थेट टिपणीत घालता येतं. सोबत नाकारल्या गेलेल्या एका गेमचं उदाहरण द्या, तुमचं वय लिहा, मुलं असतील तर तेही लिहा, आणि पत्राची प्रत तुमच्या लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन द्या.